संगणकशास्त्रासाठी परदेशगमन : तीन करारांचा विषय

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला जाणे ही गोष्ट महाराष्ट्रातील मध्यमवर्गात एकेकाळी अपवादात्मक मानली जाई. आज ती पुण्या-मुंबईतच नव्हे, तर नाशिक, सांगली, जळगाव, नांदेड अशा शहरांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांतही शेवटच्या वर्षाच्या नेहमीच्या बेतांपैकी एक झाली आहे. परदेशी विद्यार्थ्यांची गणती करणाऱ्या ‘ओपन डोअर्स’ या वार्षिक अहवालानुसार २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि २००९नंतर प्रथमच भारताने या यादीत चीनला मागे टाकले होते. यांपैकी १,९६,५६७ विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षण घेत होते, तर सुमारे ९७,५०० जण पदवीनंतरच्या प्रशिक्षण-परवान्यावर नोकरी करीत होते. विषयांच्या क्रमवारीत गणित व संगणकशास्त्र हा गट भारतीयांत सर्वांत वर होता. एवढ्या मोठ्या प्रमाणावर घडणाऱ्या या स्थलांतराविषयी मराठीत जे लिहिले आणि बोलले जाते, ते मात्र बहुतेक वेळा दोन टोकांनाच थांबते: प्रवेश कसा मिळवावा हे एक टोक आणि नोकरी कशी मिळते हे दुसरे. मधल्या दीड-दोन वर्षांत विद्यार्थी नेमके काय शिकतो, कसे शिकतो आणि कोणत्या अटींखाली शिकतो, हा भाग अंधारातच राहतो.

प्रस्तुत विवेचनाची भूमिका अशी आहे की, संगणकशास्त्राचा परदेशी विद्यार्थी एकाच वेळी तीन वेगवेगळे करार निभावत असतो. पहिला करार विद्यापीठाशी, म्हणजे अभ्यासाचा. दुसरा बँकेशी, म्हणजे कर्जाचा. आणि तिसरा त्या देशाच्या शासनाशी, म्हणजे तेथे राहण्याच्या कायदेशीर दर्जाचा. या तिन्हींच्या मुदती वेगळ्या आहेत, भंगाचे परिणाम वेगळे आहेत आणि एकाला तडा गेला की इतर दोन्हींना हादरा बसतो. तिन्हींपैकी अभ्यासाच्या कराराची चर्चा सर्वांत कमी होते, आणि तरीही कर्ज फिटल्यावर व व्हिसाची मुदत संपल्यावर विद्यार्थ्यापाशी टिकून राहणारी गोष्ट त्याच करारातून मिळते.

या विषयाला इतिहास आहे आणि त्याच्या आरंभाशी पुण्याचे नाव जोडलेले आहे. तेव्हा बोस्टनमध्ये असलेल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत, म्हणजे एमआयटीत, १८८२मध्ये दाखल झालेले केशव मल्हार भट हे तेथील पहिले भारतीय विद्यार्थी पुण्याचे होते. आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला पोहोचल्या त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. १८८४मध्ये टिळकांच्या वर्तुळातून निघणाऱ्या ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकाने औद्योगिक शिक्षणाचा आदर्श म्हणून एमआयटीकडे बोट दाखवले होते. पुढे १९१३मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. या सर्व उदाहरणांत जाणाऱ्याच्या मागे एखादे संस्थान, एखादी शिष्यवृत्ती किंवा एखादा सार्वजनिक हेतू उभा होता, आणि शिकून परत येणे हे बहुधा गृहीतच होते.

संगणकशास्त्राच्या संदर्भात चित्र पालटले ते १९६०च्या दशकात, जेव्हा तीन घटना थोड्या अवधीत घडून आल्या. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने १९६२मध्ये संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि हा विषय गणित व विद्युत अभियांत्रिकीच्या छत्राखालून बाहेर पडू लागला. १९६३मध्ये कानपूरच्या आयआयटीत, नऊ अमेरिकी संस्थांच्या साहाय्याने चाललेल्या कार्यक्रमातून, आयबीएम १६२० हा संगणक आला आणि भारतीय विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग प्रत्यक्ष हाताने करून पाहण्याची सोय झाली. १९६५मध्ये अमेरिकेने इमिग्रेशनच्या कायद्यातील देशनिहाय जुने कोटे रद्द केल्यामुळे शिकायला गेलेल्यांना तेथेच स्थायिक होण्याचा मार्ग मोकळा झाला. मद्रासजवळच्या गिंडी येथे अभियांत्रिकी शिकून ऑस्ट्रेलियामार्गे स्टॅनफर्डला पोहोचलेल्या राज रेड्डी यांनी १९६६मध्ये तेथे डॉक्टरेट मिळवली आणि १९९४मध्ये एडवर्ड फायगनबाउम यांच्यासह ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळवला. त्या पिढीतील अनेकांना विद्यापीठाकडून अर्थसाहाय्य मिळत असे. आजच्या एमएसच्या विद्यार्थ्याचा खर्च बहुतांशी त्याच्या घरचा असतो. हा फरक लक्षात न घेता जुन्या यशकथा आजच्या निर्णयाचा आधार म्हणून वापरल्या जातात, आणि तिथेच पहिली गफलत होते.

हा फरक समजण्यासाठी पदव्यांची रचना पाहावी लागते. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याची फी साधारणपणे माफ असते आणि अध्यापन-साहाय्यक किंवा संशोधन-साहाय्यक म्हणून काम करण्याच्या बदल्यात त्याला निर्वाहापुरते मानधन मिळते. एमएस ही पदवी मात्र विद्यापीठाच्या दृष्टीने उत्पन्नाचे साधनही असते. तिच्यातही प्रबंध लिहून घेण्याची पदवी आणि केवळ ठरावीक श्रेयांक पूर्ण करून घेण्याची पदवी असे दोन प्रकार असून बहुतेक भारतीय विद्यार्थी दुसऱ्या प्रकारात मोडतात. श्रेयांक म्हणजे अभ्यासक्रमाचे वजन मोजण्याचे एकक. एका विषयाला सहसा तीन श्रेयांक असतात, पदवीला तीसच्या आसपास लागतात, आणि पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून गणले जाण्यासाठी सत्राला बहुधा नऊ घ्यावे लागतात. एकंदर अभ्यास त्यामुळे तीन-चार सत्रांत आटोपतो.

प्रवेशाच्या प्रक्रियेविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने तिचा येथे धावता उल्लेख पुरेसा आहे. जीआरई, टोफेल किंवा आयईएलटीएस या परीक्षा, विद्यापीठाकडून मिळवायच्या गुणपत्रकांच्या मोहोरबंद प्रती, उद्देशपत्र आणि शिफारसपत्रे ही तिची अंगे आहेत. यांतील शेवटच्या दोहोंबाबत एक प्रथा मात्र नोंदवणे भाग आहे. शिफारसपत्राचा मसुदा विद्यार्थ्यानेच लिहून न्यावा आणि विभागप्रमुखांनी त्यावर सही करावी, तसेच उद्देशपत्र मागच्या बॅचच्या नमुन्यावरून बेतावे, ही आपल्याकडची सर्रास चालणारी रीत आहे. विद्यार्थ्याने काय करून पाहिले आणि कोणता प्रश्न त्याला सुटला नाही, हे सांगणारा मजकूर प्रवेश-समितीला हवा असतो; नेमका तोच या प्रथेत गळून पडतो. तीन वर्षांच्या बीएस्सी पदवीधारकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती अशी की अनेक अमेरिकी विद्यापीठे एकूण सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. त्यामुळे एमएस्सी किंवा एमसीए झाल्याखेरीज अर्ज ग्राह्य धरला जाईल का, याची चौकशी आधीच करावी.

तिसऱ्या करारापासून, म्हणजे कायदेशीर दर्जापासून, सुरुवात केलेली बरी, कारण उरलेल्या दोन करारांचे वेळापत्रक तोच ठरवतो. प्रवेश दिल्यावर विद्यापीठ आय-२० नावाचा दस्तऐवज देते. त्यात अभ्यासक्रम, त्याचा कालावधी, पहिल्या वर्षाचा अंदाजे खर्च आणि तो कोठून भागणार याची नोंद असते. त्याच्या आधारे एफ-१ हा विद्यार्थी-व्हिसा मागावा लागतो. मुंबईत त्यासाठीची मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात होते आणि ती काही मिनिटांतच संपते. त्या मिनिटांमागचे कायद्याचे तत्त्व असे की, अर्जदाराला अमेरिकेत कायमचे राहायचे आहे असेच गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. पुढे विद्यार्थ्याची नोंद सेव्हिस या शासकीय संगणक-प्रणालीत राहते. कमी श्रेयांक घेतले, विद्यापीठ सोडले किंवा निलंबन झाले, तर विद्यापीठाला ते त्या प्रणालीत कळवावे लागते.

शिक्षण पूर्ण झाल्यावर ओपीटी, म्हणजे विषयाशी संबंधित नोकरी करण्याचा ऐच्छिक प्रशिक्षण-परवाना, बारा महिन्यांसाठी मिळतो. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या पदवीधरांना २००८मध्ये त्यावर सतरा महिन्यांची वाढ देण्यात आली, आणि २०१६मध्ये ती चोवीस महिन्यांची झाली. संगणकशास्त्राच्या पदवीधराला त्यामुळे एकूण तीन वर्षे मिळतात. पहिल्या बारा महिन्यांत बेकारीचे दिवस एकंदर नव्वदच्या वर जाऊ द्यायचे नसतात, तर वाढीव काळ धरून ही मर्यादा दीडशे दिवसांची होते. त्यानंतर टिकून राहण्यासाठी एच-१बी हा नोकरीचा व्हिसा लागतो. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० आणि अमेरिकी विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी आणखी २०,००० अशी आहे. मागणी याहून कितीतरी जास्त असल्याने निवडीत दैवाचा वाटा मोठा असतो. सप्टेंबर २०२५मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांसाठी १ लाख डॉलरचे शुल्क घोषित झाले, यावरून या वाटेवरचे नियम किती झपाट्याने बदलू शकतात हे दिसते. कायमच्या वास्तव्याचा परवाना ही त्यापुढची पायरी. तेथे कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक परवाने येऊ नयेत, असा सर्वसाधारण नियम असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षे लांबत गेली आहे.

दुसरा करार कर्जाचा. बँका शैक्षणिक कर्ज देताना पालकांना सहकर्जदार करतात आणि रक्कम मोठी असेल तर घर किंवा जमीन तारण मागतात. विनातारण कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचे व्याज सहसा चढे असते. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचे सहा महिने ते वर्षभर हप्ता सुरू होत नाही, पण व्याजाची आकारणी पहिल्या दिवसापासून चालूच असते. उदाहरणादाखल ४० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी सुरुवातीलाच एकरकमी उचलले आणि अडीच वर्षे हप्ता भरला नाही, तर सरळ व्याजानेच ११ लाख चढतात. त्या ५१ लाखांची दहा वर्षांत फेड करायची झाल्यास महिन्याचा हप्ता सुमारे ७० हजार रुपये येतो. डॉलरमध्ये पगार मिळाला तर हा हप्ता सहज निघतो. परतून भारतात नवशिक्या प्रोग्रॅमरच्या पगारावर काम करावे लागले तर तो सबंध पगार गिळतो. शिवाय फी सत्रागणिक डॉलरमध्ये भरायची असते, आणि २०१४मध्ये साठीच्या आसपास असलेला डॉलर २०२४च्या अखेरीस ८५ रुपयांवर गेला होता. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, जी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांसारख्या योजना कर्जाचे हे ओझे पूर्णच टाळतात. पात्र कुटुंबांनी कर्जाच्या अर्जाआधी त्यांची मुदत पाहावी.

आता पहिला करार, अभ्यासाचा. येथे होणारा बदल इंग्रजीचा किंवा हवामानाचा नसून शिकण्याच्या पद्धतीचा आहे, आणि तो जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. पुणे-मुंबईकडच्या महाविद्यालयांत सिस्टिम प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकात ‘टू-पास असेंबलर’ हा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. असेंबलर म्हणजे मानवी वाचनास सोप्या आज्ञांचे यंत्राच्या अंकांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम; एखादे खूणनाव पुढे कोठे येणार हे आधी ठाऊक नसल्याने पहिल्या फेरीत खूणनावांची सारणी तयार करायची आणि दुसऱ्या फेरीत यंत्रभाषा लिहायची, अशी त्याची कल्पना. कल्पना सुंदर आहे. प्रत्यक्षात मात्र मागच्या वर्षीचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून फिरतो, राइट-अप उतरवून जर्नल पूर्ण केले जाते, सबमिशनच्या आठवड्यात सह्या होतात, आणि ओरलला बाहेरचे परीक्षक दोन प्रश्न विचारून टर्मवर्कचे गुण देतात. यात विद्यार्थ्याइतकीच, किंबहुना अधिक, जबाबदारी व्यवस्थेची आहे, कारण ती पूर्ण झालेली वही मोजते, चाललेला प्रोग्रॅम मोजत नाही.

याच्या शेजारी अमेरिकेतील कार्यप्रणालीच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या, अभ्यासक्रमाचा एक नमुना ठेवून पाहावा. स्टॅनफर्डमध्ये बेन फाफ यांनी २००४मध्ये शिकवण्यासाठी ‘पिंटॉस’ नावाची छोटी कार्यप्रणाली रचली, आणि ती पुढे इतर अनेक विद्यापीठांनी स्वीकारली. एमआयटीची ‘एक्सव्ही६’ ही याच जातीची. विद्यार्थ्यांना चालू स्थितीतील पण अपुरी प्रणाली दिली जाते आणि तिच्यात भर घालायला सांगितले जाते. पिंटॉसच्या पहिल्या प्रकल्पात ‘प्राधान्यदान’ करावे लागते, त्याचे कारण असे: कमी प्राधान्याच्या कामाने एखादे कुलूप, म्हणजे एका वेळी एकानेच वापरायच्या साधनावरचा हक्क, धरून ठेवलेले असते; जास्त प्राधान्याचे काम त्या कुलपासाठी खोळंबते; आणि दरम्यान मध्यम प्राधान्याची कामे पुढे सरकत राहतात, म्हणजे सर्वांत निकडीचेच काम सर्वांत मागे पडते. यावर उपाय म्हणून खोळंबलेल्याचे प्राधान्य कुलूपधारकाला तात्पुरते द्यायचे आणि कुलूप सुटताच काढून घ्यायचे. सांगायला हे चार ओळींचे आहे. परंतु एका कामाने दोन कुलुपे धरली असतील, किंवा दानाची साखळी तीन-चार कामांपर्यंत गेली असेल, तर काय करायचे, हे विद्यार्थ्याला स्वतःच शोधावे लागते. प्रोग्रॅम स्वयंचलित चाचण्यांना उतरावा लागतो, आणि त्यासोबत द्यायच्या रचना-टिपणात हाच मार्ग का निवडला आणि दुसरा का टाळला, हे लिहावे लागते. चाळीस तास घालवूनही एखादी चाचणी अधूनमधून फसत राहणे हा या शिक्षणाचाच भाग आहे, आणि तो सोसण्याची सवय जर्नल उतरवून लागत नाही.

येथेच तीन करारांची गाठ दिसते. अॅलेक्स एकेन यांनी १९९४मध्ये बर्कली येथे तयार केलेली ‘मॉस’ ही प्रणाली विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅममधील साम्य शोधते. चलांची नावे बदलली, टिप्पण्या काढल्या किंवा फलनांचा क्रम उलटा केला तरी तिला फरक पडत नाही, कारण ती अक्षरे ताडून न पाहता प्रोग्रॅमच्या बांधणीचे छोटे तुकडे करून त्यांचे ठसे जुळवते, आणि हे ताडणे मागील वर्षांच्या उत्तरांशीही करता येते. साम्य आढळल्यावर निवाडा प्राध्यापक व विद्यापीठाची समिती करते. शिक्षा शून्य गुणांपासून निलंबनापर्यंत असू शकते. निलंबनाने पूर्णवेळ विद्यार्थ्याचा दर्जा जातो, दर्जा गेल्यावर देश सोडावा लागतो आणि गावाकडे घरावरचे कर्ज तसेच उभे राहते. मायदेशात मैत्रीचा भाग समजली जाणारी एक फाइल तिन्ही करार एकदम मोडू शकते. अलीकडे प्रोग्रॅम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यामुळे प्रश्न आणखी नाजूक झाला आहे. कोणत्या विषयात ती कितपत चालतात हे प्रत्येक प्राध्यापक आपल्या अभ्यासक्रम-पत्रकात स्वतंत्रपणे सांगतो, म्हणून ते पत्रक पहिल्याच दिवशी वाचणे आवश्यक ठरते.

विचारण्याचा संकोच हा दुसरा अडसर. प्राध्यापक आणि साहाय्यक ठरलेल्या वेळी आपल्या खोलीत केवळ शंकांसाठी बसतात, पण ‘मूर्ख वाटू’ या भीतीने अनेक भारतीय विद्यार्थी तेथे जात नाहीत. वर्गातील प्रश्नोत्तरांसाठी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी ‘पियाझा’ ही प्रणाली स्थापन करणाऱ्या पूजा शंकर या कानपूर आयआयटीच्या माजी विद्यार्थिनी. वर्गात मुली मोजक्याच असताना सहाध्यायांना शंका विचारण्याच्या संकोचाचा त्यांचा अनुभव त्या कल्पनेमागे होता. तेथे सहाध्यायांना नाव न कळू देता विचारता येते. ही सोय वापरण्यात कमीपणा नाही.

अभ्यासाला तिसरा अडथळा खुद्द नोकरीच्या वेळापत्रकाचा आहे. ऑगस्टमध्ये पोहोचलेल्या विद्यार्थ्यासमोर सप्टेंबरमध्येच कंपन्यांचा मेळावा येतो, कारण पुढील उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची निवड तेव्हापासून चालू होते. घर, बँक खाते आणि पहिली असाइनमेंट यांतून डोके वर निघण्याआधीच मुलाखतीच्या कोड्यांचा सराव सुरू होतो, आणि विषयही अवघड पण पायाभूत असे न निवडता सोपे व दर्शनी निवडले जातात. कर्जाचा विचार करता हे समजण्याजोगे आहे. तरीही वितरित प्रणाली, संकलक किंवा यंत्र-अध्ययनाचा गणिती पाया यांसारखे विषय पुढे एकट्याने शिकणे फार कठीण जाते, हे पहिल्याच सत्रात लक्षात घेतलेले हिताचे.

अमेरिका हा एकच पर्याय नाही. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र असते, मात्र बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४पासून फी लावली आहे. व्हिसासाठी निर्वाहाची रक्कम गोठवलेल्या खात्यात आधीच ठेवावी लागते, आणि नोकरीसाठी बहुधा जर्मन भाषा यावी लागते. ब्रिटनमधील पदव्युत्तर पदवी सहसा एका वर्षात संपते, त्यामुळे खर्च आटोपतो, पण शिकायला अवधीही तेवढाच मिळतो. कोणताही देश निवडला तरी तीन करारांचा हिशेब तोच राहतो. बदलते ते त्यांचे वजन.

फसवणुकीचा धोकाही या वाटेवर खरा आहे. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर २०११मध्ये छापा पडला, तेव्हा तेथे नाव घातलेल्या मोठ्या संख्येतील भारतीय विद्यार्थ्यांचा दर्जा धोक्यात आला. मिशिगनमधील फार्मिंग्टन हे विद्यापीठ तर २०१९मध्ये उघड झाल्याप्रमाणे अमेरिकी इमिग्रेशन खात्यानेच सापळा म्हणून उभारलेले होते. वर्ग न भरवता पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा देऊ करणारी संस्था ही अभ्यासाचा करार वगळून उरलेले दोन विकत असते, हे ओळखले की अशा जाहिराती वेगळ्या तपासण्याची गरज पडत नाही.

वाचकाने पुढील विवेचन सल्लापुस्तिका म्हणून न वाचता निर्णयाची साधनसामग्री म्हणून वाचावे, आणि व्हिसा, शुल्क व कर्जाचे नियम अर्ज करताना अधिकृत ठिकाणी पडताळून घ्यावेत. अर्ज भरण्याआधी विद्यार्थ्याने आणि सहकर्जदार म्हणून सही करणाऱ्या पालकांनी एकत्र बसून एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: एच-१बीची निवड झाली नाही आणि तीन वर्षांनी परतावे लागले, तर शिकलेले ज्ञान आणि तोवर फेडलेले कर्ज यांच्या जोरावर घर उभे राहील काय? उत्तर होकारार्थी असेल तर निर्धास्तपणे जावे. ते नकारार्थी असेल तर एक वर्ष थांबून नोकरी करावी, शिष्यवृत्ती शोधावी किंवा स्वस्त विद्यापीठ निवडावे. थांबल्याने एक वर्ष जाते, घाईने घर जाऊ शकते.